घरून काम करणाऱ्यांच्या साहेबांना शिकवायचं तरी काय?

कोथरूडची_अनघा (धागालेखिका)

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्रशिक्षण विभागात आहे. आमचं काम म्हणजे परदेशी ग्राहकांचं बिलिंग, थकबाकी, हिशेब आणि थोडंफार कस्टमर सपोर्ट. लॉकडाउनमध्ये सगळे घरी गेले, नंतर निम्मे परत आले. आता चित्र असं आहे की मॅनेजर बाणेरच्या ऑफिसात आणि टीममधली माणसं कराड, लातूर, जळगाव, एक तर थेट सावंतवाडीत. वरच्यांनी हे आता कायमचं ठरवलंय. जागेचं भाडं वाचतं, आणि गावात राहून नोकरी मिळालेली पोरं सहजासहजी सोडून जात नाहीत.

तर फर्मान निघालंय, मॅनेजर लोकांसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग बसवा. बाहेरच्या एजन्सींचे प्रस्ताव आले आहेत. सगळ्यांत तेच: विश्वास, सहानुभूती, व्हर्च्युअल चहापान, एक खेळ, शेवटी प्रमाणपत्र. एकांनी तर ट्रेनिंगसोबत स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर सवलतीत देऊ केलंय. म्हणजे सकाळी विश्वासावर स्लाइड आणि दुपारी हेरगिरीचा डेमो.

माझं निरीक्षण असं. घरी बसणाऱ्यांना आपण व्हीपीएन शिकवलं, डेटा सुरक्षा शिकवली, पाठ दुखू नये म्हणून कसं बसायचं तेही शिकवलं. त्यांच्या साहेबाला मात्र कोणी काही शिकवलं नाही. आमचे बहुतेक मॅनेजर स्वतःचं काम चोख करायचे म्हणून मॅनेजर झालेत. ऑफिसात त्यांचं निम्मं काम डोळ्यांनीच भागायचं. कोण अडलंय ते चेहऱ्यावरून कळायचं, जाता जाता खुर्चीमागे उभं राहून एक चूक दाखवली की झालं. आता चेहरा दिसत नाही, मग दर तासाला चॅटवर "काही अपडेट?" समोरचाही हुशार, तो "ऑन इट" लिहून मोकळा.

दोन दिवसांत नक्की काय शिकवावं? ज्यांनी दुरून टीम सांभाळली आहे किंवा ज्यांना दुरून सांभाळलं गेलंय, दोघांनीही लिहा. पुस्तकी उत्तरं नकोत, ती एजन्सीवाले देतायत.

---

चाकणचा_शिफ्टवाला

स्पष्ट बोलू का? ट्रेनिंगची गरजच नाही. माणूस ऑफिसात बोलवा, प्रश्न संपला. आमच्याकडे लाइन बंद पडली तर सुपरवायझर तिथे उभा असतो. घरून काय कप्पाळ कळणार?

---

कोथरूडची_अनघा

@शिफ्टवाला, सावंतवाडीची मुलगी रोज बाणेरला येऊ शकत नाही हो, आणि तिला गमवायची आमची तयारी नाही. "बोलवा" हे उत्तर वरच्यांनी बाद केलंय, त्यामुळे धाग्यापुरतं ते बाजूला ठेवू.

---

टीएल_नाइटशिफ्ट

कॉल सेंटरमध्ये टीम लीड (टीएल) आहे, आधी फ्लोअरवर, आता घरून, म्हणून लिहितो.

आमच्या धंद्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण आधी घरून एजंट बसवायचे म्हणजे दूरसंचार खात्याच्या अटींचं जंजाळ होतं. लॉकडाउनमध्ये तात्पुरती सूट मिळाली, मग नोव्हेंबर २०२० मध्ये ते नियम मोकळे झाले. म्हणजे लॉकडाउनआधी आमच्यातल्या कोणीही, अगदी पंधरा-वीस वर्षं फ्लोअर सांभाळलेल्यानेही, घरी बसलेला एजंट सांभाळलेलाच नव्हता. वरपासून खालपर्यंत सगळे नवशिके.

फ्लोअरवर कसं असायचं बघा. ग्राहक चिडला, एजंट अडला की तो हात वर करायचा. मी किंवा शेजारचा टीएल धावत जायचो, हेडसेट लावायचो, होल्डवरच्या माणसाला उत्तर मिळायचं. घरी गेल्यावर त्या वर केलेल्या हाताचं काय झालं? चॅट ग्रुपवर "सर हेल्प". त्या ग्रुपमध्ये मी, क्यूएवाली (कॉलचा दर्जा तपासणारी) आणि ट्रेनर. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. ग्राहक सहा-सात मिनिटं होल्डवर, एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) गेला चुलीत, आणि महिन्याअखेरीस शेरा एजंटच्या नावावर.

आम्ही पुढे एकच गोष्ट बदलली. "सर हेल्प" पडल्यापासून कोणी तरी उत्तर देईपर्यंत किती वेळ गेला ते मोजायला लागलो, आणि तो आकडा एजंटच्या नाही, टीएलच्या खात्यावर टाकला. आठवड्यात रोस्टर बदललं, कोणत्या तासाला कोण उत्तर देणार हे नावानिशी ठरलं. मोजमाप साहेबाचं सुरू केलं की साहेब सुधारतो, हा माझा अनुभव.

तर अनघाताई, ट्रेनिंगमध्ये पहिला तास याला द्या: माणूस अडला तर तो कोणाला, कुठे आणि कसं विचारणार, आणि त्याला किती वेळात उत्तर मिळणार. विश्वासाच्या स्लाइडा नंतर.

---

नागपुरी_संत्रं

मी पलीकडच्या बाजूची. घरून काम करते, नागपूरहून. साहेब पुण्यात.

टीएल दादांचं पटलं. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. माझे आधीचे साहेब हिरव्या ठिपक्यावर नजर ठेवून असायचे. तुम्हाला माहीतच आहे, पाच मिनिटं माऊस हलला नाही की चॅटवरचा ठिपका पिवळा पडतो. मी एखादं लांबलचक कंत्राट वाचत बसले की पिवळा. फोनवर ग्राहकाशी बोलतेय तरी पिवळा. लगेच मेसेज: "आर यू देअर?" बाप्पा, काम करू की हजेरी देऊ?

आमच्या ग्रुपमध्ये एकानं शोध लावला, माऊस मनगटी घड्याळावर ठेवायचा. सेकंदकाटा फिरतो, माऊसला वाटतं हात हलतोय, ठिपका दिवसभर हिरवा. साहेब खूश! ज्या दिवशी तो ठिपका सगळ्यांत हिरवा असेल त्या दिवशी तो गडी क्रिकेट बघत असायचा.

आता नवीन मॅडम आहेत. त्या मला सोमवारी विचारतात, "या आठवड्यात तुझ्या हातून काय काय पूर्ण होणार?" आणि शुक्रवारी तेच काढून बघतात. मधे त्रास नाही. पण शुक्रवारी मात्र सुटका नाही, एकेक ओळ विचारतात. खोटं सांगू कशाला, जुन्या साहेबांपेक्षा या मॅडमचा धाक जास्त वाटतो.

---

आकडेमोड

ठिपक्यावरून आठवलं. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२२ मध्ये ११ देशांतल्या २० हजार लोकांची पाहणी छापली होती. त्यात ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही नीट काम करतो. आणि ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, लोक नीट काम करतायत याची खात्री बाळगणं आम्हाला अवघड झालंय. म्हणजे दोन्ही बाजू एकाच ऑफिसबद्दल बोलतायत यावर विश्वास बसू नये. (सर्वेक्षण करणारी कंपनी ठिपकावालीच, हा गमतीचा भाग.)

त्याहून ठोस हवं असेल तर चीनमधल्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग बघा. शांघायचं कॉल सेंटर, २०१०-११. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून जन्मतारीख सम असलेल्यांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं, बाकीचे ऑफिसात. नऊ महिन्यांत घरच्यांचं काम १३ टक्के वाढलं. त्यातला मोठा वाटा एवढाच की ते शिफ्टमधली जास्त मिनिटं फोनवर होते: सुट्ट्या कमी, मधले ब्रेक कमी. नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले.

इथवरचं सगळे सांगतात. अनघाताईंच्या कामाचा भाग पुढे आहे. तेवढंच काम करूनही घरच्यांना बढती मिळण्याचं प्रमाण कमी होतं. दृष्टीआड सृष्टी! आणि प्रयोग संपल्यावर मोकळीक दिली तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्मे परत ऑफिसात आले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण.

त्याच कंपनीत (नाव बदलून ट्रिप डॉट कॉम) २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग झाला, १६१२ जणांवर, त्यात मॅनेजरही होते. या वेळी आठवड्यातले दोन दिवस घरून. कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही, नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. मॅनेजरांना सुरुवातीला विचारलं होतं, याने उत्पादकतेचं काय होईल? सरासरी उत्तर: २.६ टक्के घट. प्रयोग संपल्यावर त्यांनाच विचारलं, तर १ टक्का वाढ. दोन दिवसांच्या वर्गातून मतं बदलतील असं मला वाटत नाही. सहा महिने करून बघितल्यावर बदलतात.

---

कोथरूडची_अनघा

@आकडेमोड, बढतीचा मुद्दा आमच्याकडे तंतोतंत दिसतो. अप्रेझलच्या बैठकीत मॅनेजर म्हणतात, "तो चांगला आहे, पण दिसत नाही." मी एकदा विचारलं, दिसत नाही म्हणजे काय? कोणाला धड सांगता आलं नाही.

@संत्रं, नव्या मॅडमना आमच्याकडे पाठवा की!

---

सेवानिवृत्त_एबीएम

नमस्कार. वयाने या धाग्यावर मीच थोरला असेन. औषध कंपनीत विदर्भ आणि मराठवाड्यात एरिया मॅनेजर म्हणून आयुष्य गेलं. तुम्ही सगळे ज्याला नवीन प्रश्न म्हणताय तो आमच्यासाठी नोकरीचा पहिला दिवस होता. माझे एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे औषध प्रतिनिधी, अकोला, अमरावती, यवतमाळ, नांदेडला. मी नागपुरात. मोबाइल नव्हते. एसटीडी बूथवरून रात्री नऊनंतर फोन, कारण तेव्हा दर कमी पडायचा.

आमच्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं डीसीआर. रोज कोणत्या डॉक्टरना भेटलो, कोणतं औषध सांगितलं, किती सॅम्पल दिली, हे लिहून पाठवायचं. दुसरं जॉइंट वर्किंग. महिन्यातले काही दिवस मॅनेजरने एमआरच्या सोबत फिरायचं, त्याच्याच गाडीवर मागे बसून.

आता खरं सांगतो. डीसीआर ही मराठी कथालेखनाची मोठी शाळा होती. पावसात घरी झोपलेला पोरगा अकरा डॉक्टरांची भेट लिहायचा, प्रत्येकाचा अभिप्रायही वेगवेगळा. कंपनीने रकाने वाढवले तशा कथा लांबल्या. ज्या मॅनेजरांनी डीसीआरवर भिस्त ठेवली त्यांना ढीगभर कागद मिळाले आणि धंदा गेला. डीसीआर आणि स्टॉकिस्टकडचा (घाऊक विक्रेत्याकडचा) खप शेजारी ठेवला की दहा मिनिटांत पितळ उघडं पडायचं, पण तेवढे कष्ट फार थोडे जण घ्यायचे.

जॉइंट वर्किंगचं तसं नव्हतं. दिवसभर सोबत असलं की कळायचं, पोरगा कुठे घाबरतो, कोणत्या डॉक्टरच्या केबिनमध्ये त्याला शब्द फुटत नाही, कोणता केमिस्ट त्याला छळतो. एक मुलगा होता, गोडबोल्या, पण खप शून्य. सोबत फिरल्यावर समजलं, तो औषधाची सगळी माहिती सांगायचा आणि शेवटी "सर, लिहाल ना?" हे विचारायचंच राहून जायचं. लाज वाटायची त्याला. कुठल्या रिपोर्टात हे येणार? संध्याकाळी टपरीवर चहा पिताना तेवढंच सांगितलं. पुढच्या तिमाहीत तो सुधारला.

यात एक नियम आम्हाला आमच्या आरएमनी (रीजनल मॅनेजरनी) घालून दिला होता. जॉइंट वर्किंगला जाताना आधी कळवायचं. अचानक धाड घालायची नाही. धाड घातली तर चोर सापडतो, माणूस घडत नाही असं ते म्हणत. आणि डॉक्टरसमोर पोराचं बोलणं तोडून आपण बोलायला लागायचं नाही, कितीही जीभ शिवशिवली तरी.

तुमच्या मॅनेजरांनी आठवड्यातला तासभर प्रत्येकासोबत स्क्रीन शेअर करून खरं काम करत बसावं. बैठक नव्हे, खरं काम. त्याने बिल तपासावं, यांनी बघावं.

---

अवांतरवाला

काका, दंडवत! डीसीआर कथालेखनावर वेगळा धागा काढा. अवांतर: माझा मावसभाऊ एमआर होता, त्याच्या डीसीआरमधले एक डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच वारले होते म्हणे.

---

सेवानिवृत्त_एबीएम

@अवांतरवाला, असे डॉक्टर प्रत्येक एरियात एक-दोन असायचेच. सॅम्पलही नियमित घ्यायचे.

---

व्हर्जिनियाकर

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, खात्याचं नाव लिहीत नाही. तुमचा विषय इकडे चक्क कायद्यात आला होता. डिसेंबर २०१० मध्ये ओबामांनी टेलीवर्क एनहान्समेंट अॅक्टवर सही केली. त्यात घरून काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या मॅनेजरांना, दोघांनाही प्रशिक्षण द्यायचं असं लिहिलंय. आधी ट्रेनिंग, मग मॅनेजर आणि कर्मचाऱ्यात लेखी करार, मग घरून काम. आणि मूल्यमापन करताना घरचा आणि ऑफिसचा असा भेद करायचा नाही, हेही त्यातच. म्हणजे अनघाताईंच्या "दिसत नाही" वाल्या अप्रेझलला इकडे कायद्याने बंदी.

आता प्रत्यक्षात काय झालं? आमच्या खात्यात ते प्रशिक्षण म्हणजे ऑनलाइन मॉड्यूल. पुढे, पुढे, पुढे, शेवटी प्रश्नमंजुषा. उत्तरं इतकी उघड की वाचायचीही गरज नाही. प्रमाणपत्र छापून फाइलला. माझ्या एका मॅनेजरने ते मॉड्यूल मीटिंग चालू असताना मागच्या खिडकीत उरकलेलं मी स्वतः स्क्रीन शेअरवर बघितलंय.

करार मात्र कामाचा निघाला. त्यात लिहावं लागायचं: कोणत्या वेळेत फोन उचलणार, काम कशावरून मोजणार, ऑफिसात कधी बोलावलं तर यायचं. ते भरताना दोघांना समोरासमोर बसून बोलावंच लागायचं आणि निम्म्या कुरबुरी तिथेच मिटायच्या. मॉड्यूल विसरा, करार घ्या.

(२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. त्यामुळे सध्या मी हे ऑफिसात बसून, शेजारच्या इमारतीतल्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता लिहितोय. असो.)

---

चाकणचा_शिफ्टवाला

एबीएम काकांचं वाचून थोडा थंड झालो. जॉइंट वर्किंग म्हणजे आमच्या लाइनवर उभं राहण्यासारखंच. पण एक शंका. तासभर स्क्रीनवर बघत बसणं आणि ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर, यात फरक काय? दोन्हीत बघणंच ना?

---

नागपुरी_संत्रं

@शिफ्टवाला, फरक मला विचारा. सॉफ्टवेअर दर थोड्या वेळानं गुपचूप स्क्रीनचा फोटो काढतं आणि तो कोण बघतं, कधी बघतं, काहीच कळत नाही. त्यात माझ्या बँकेचं पान उघडं असलं तर तेही गेलं. सोबत बसलेल्या माणसाला मी म्हणू शकते, "सर, इथे मला हे समजत नाहीये." सॉफ्टवेअरला काय सांगू?

---

आकडेमोड

यावर नेदरलँड्समधला एक निकाल आहे, २०२२ चा. अमेरिकी कंपनीसाठी घरून काम करणाऱ्या एका माणसाला सांगितलं की दिवसाचे नऊ तास कॅमेरा चालू आणि स्क्रीन शेअर ठेव. तो म्हणाला, स्क्रीन बघा, कॅमेरा लावणार नाही. काढून टाकलं. तिथल्या कोर्टाने बडतर्फी बेकायदा ठरवली आणि कंपनीला सुमारे ७५ हजार युरोंचा भुर्दंड पडला. मुद्दा खासगी आयुष्यात घुसखोरीचा होता.

आणि उलट बाजूही सांगतो, नाहीतर माझ्यावर एकतर्फीचा शिक्का बसेल. अमेरिकेतल्या एका बड्या बँकेनं २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास केल्याच्या आरोपावरून डझनभर लोकांना घरी पाठवलं. संत्रंचा घड्याळवाला मित्र जपून असो.

---

टीएल_नाइटशिफ्ट

एक मुद्दा राहतोय, आणि तो दोन दिवसांच्या वर्गात यायलाच हवा. रात्रीच्या शिफ्टला घरून बसलेल्या मुली. मॅनेजरने रात्री दोनला उगाच व्हिडिओ कॉल लावायचा, "कॅमेरा ऑन कर ना", मागे दिसणाऱ्या खोलीवर शेरेबाजी. गंमत म्हणून करतात, पण २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत "घर" सुद्धा आहे. आमच्याकडच्या कित्येक टीएलना हे ठाऊकच नव्हतं. एचआरला सांगून छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या कोणाला तरी अर्धा तास बोलायला बोलवा.

आणि रात्री-अपरात्री मेसेज. सुप्रियाताई सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणलं होतं, कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचं. कायदा काही झाला नाही. पण मॅनेजरने रात्री सुचलेला मेसेज सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवायला कायदा कशाला हवा? ते बटण बहुतेक मेलमध्ये आहे. वर्गात एकदा सगळ्यांच्या हातून ते दाबून घ्या.

---

कोथरूडची_अनघा

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी प्रस्ताव बाजूला ठेवून आमच्यातल्याच थोड्या मॅनेजरांना घेऊन एक छोटी चाचणी केली, ती सांगते. खरं तर ती करताना मला माझं उत्तर सापडलं.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही गेल्या आठवड्यात टीमला काम देताना लिहिलेले खरे मेसेज आणा, नावं खोडून. एक मेसेज असा होता:

"ते थकबाकीचं जरा बघून घे. क्लायंट ओरडतोय. अर्जंट आहे."

तो मी तिथे बसलेल्या बाकीच्यांना वाचायला दिला आणि विचारलं, तुम्ही आत्ता काय कराल? एक म्हणाला, सगळा रिपोर्ट नव्याने काढेन. दुसरी म्हणाली, क्लायंटला फोन लावेन. तिसरा म्हणाला, मी आधी विचारेन की "बघून घे" म्हणजे काय, आणि साहेब मीटिंगमध्ये असतील तर दुपारपर्यंत वाट बघेन. ज्याने मेसेज लिहिला होता त्याला यातलं काहीच नको होतं. त्याला फक्त जुनी बिलं वेगळी काढून हवी होती.

ऑफिसात असताना हाच मेसेज चालायचा, कारण समोरचा वळून विचारायचा, "म्हणजे नक्की काय?" आणि साहेब दोन वाक्यांत सांगायचे. मेसेज तेव्हाही अर्धवटच होता. उरलेला अर्धा तोंडी पुरा व्हायचा.

मग त्यानेच तो पुन्हा लिहिला. दोन-तीनदा खाडाखोड झाली, शेवटी असा झाला:

"मार्चअखेरचा थकबाकी रिपोर्ट उद्या संध्याकाळी पाचपर्यंत हवा. ९० दिवसांवरची बिलं वेगळ्या शीटमध्ये काढ. दोन व्हेंडरचे आकडे जुळत नाहीत, ते जुळवत बसू नकोस, फक्त लाल कर. क्लायंटशी मी बोलतोय, तू फोन करू नकोस. अर्ध्या तासापेक्षा जास्त अडलीस तर मला फोन कर, मेसेज नको."

लिहायला किती वेळ गेला? दहाएक मिनिटं. तो वैतागला, "एवढं लिहीत बसलो तर मी काम कधी करू?" त्यावर आमच्या एक सीनियर बाई म्हणाल्या, "अहो, हेच तुमचं काम." वर्गात एकदम शांतता, मग हशा.

तर माझा निष्कर्ष असा झालाय की सहानुभूती वगैरे शिकवत बसण्यापेक्षा काम देणं शिकवावं. संत्रंची मॅडम, टीएल दादांचा होल्डवरचा ग्राहक, व्हर्जिनियाकरांचा करार, सगळीकडे तीच गोष्ट दिसते: काय हवंय, कधी हवंय, अडलं तर काय, हे आधी सांगितलेलं असणं. ते सांगितलेलं नसलं की मॅनेजरकडे तपासायला काही उरत नाही, मग तो ठिपका तपासतो. विश्वास नाही म्हणून पाळत ठेवतात असं म्हणतात, पण आमच्याकडे मला उलटं दिसतं. काम मोजता येईल असं दिलेलंच नसतं, म्हणून माणूस मोजायला लागतात.

एबीएम काका, जॉइंट वर्किंग घेतलंय. आधी कळवायचं आणि मधे तोंड घालायचं नाही, हे दोन्ही नियम तुमच्याच शब्दांत.

---

सेवानिवृत्त_एबीएम

आनंद वाटला. एक पुरवणी. मेसेज लिहिणं शिकवाल, पण आलेलं काम वाचणंही शिकवा. शुक्रवारी पोरीने शीट पाठवली आणि साहेबांनी अंगठा दाखवून सोडून दिलं तर पुढच्या शुक्रवारी ती शीट ढिली होणार. आमच्याकडे डीसीआरवर कोणी काही लिहून परत पाठवत नसे, म्हणून तर कथा फोफावल्या. मी प्रत्येकाच्या महिन्यातल्या एका डीसीआरवर लाल पेनने प्रश्न विचारून पोस्टाने परत पाठवायचो. कोणता दिवस उचलेन याचा नेम नसे. तेवढ्यानं भागायचं.

---

नागपुरी_संत्रं

अनघाताई, एक विनंती. नव्या भरती झालेल्यांचं काही तरी करा. मी जुनी आहे, मला कोणाला विचारायचं ते ठाऊक आहे. आमच्याकडे नवीन पोरगा लागला, त्यानं ऑफिस बघितलेलंच नाही. तो विचारायलाच घाबरतो. "मूर्ख वाटेन" म्हणतो. ऑफिसात शेजारच्याला हळूच विचारलं असतं, इथे प्रश्न चॅटवर लिहिला की कायमचा राहतो, सगळ्यांना दिसतो.

---

कोथरूडची_अनघा

@संत्रं, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, आणि यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. सध्या एवढंच सुचतंय की पहिले तीन महिने नव्या माणसाला ऑफिसात ठेवायचं, राहायचा खर्च कंपनीने द्यायचा. फायनान्सवाले बघू काय म्हणतात. कोणाकडे दुसरा उपाय?

---

टीएल_नाइटशिफ्ट

आमच्याकडे प्रत्येक नव्याला एक जुना "दोस्त" नेमून देतात. तो मॅनेजर नसतो, अप्रेझलशी त्याचा संबंध नसतो, आणि त्याचं स्वतःचं टार्गेट त्या महिन्यांत थोडं कमी करतात. टार्गेट कमी करणं महत्त्वाचं, नाहीतर दोस्त फोन उचलत नाही. आणि प्रश्न चॅटवर नाही, फोनवर विचारायचे.

---

व्हर्जिनियाकर

अनघाताई, खरा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारतो. दर आठवड्याला प्रत्येकासोबत एक तास, वर मेसेज लिहायला वेळ, वर शीट वाचायला वेळ. तुमच्या मॅनेजरखाली माणसं किती? आमच्याकडे पंधरा-पंधरा होती. गणित बसत नाही.

---

कोथरूडची_अनघा

@व्हर्जिनियाकर, अगदी दुखऱ्या नसेवर बोट! आमच्याकडे बाराच्या आसपास आहेत आणि त्या मॅनेजरांच्या डोक्यावर स्वतःचंही क्लायंटचं काम आहे. वरच्यांना मी लेखी कळवलंय की स्वतःचं काम कमी केल्याशिवाय हे ट्रेनिंग घेऊ नका, पैसे वाया जातील. उत्तर आलं, "आधी ट्रेनिंग होऊ दे, मग बघू." तूर्तास तडजोड अशी की तासभर जॉइंट वर्किंग फक्त नव्यांसोबत आणि ज्यांचं काम अडखळतंय त्यांच्यासोबत, बाकीच्यांना पंधरा दिवसांतून अर्धा तास. भांडण चालू ठेवणार आहे.

---

आकडेमोड

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक सुचवणी: सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये घरचे आणि ऑफिसचे यांच्या बढत्या मोजा आणि इथे टाका. ट्रेनिंग संपल्यावर लगेच भरून घेतलेले फीडबॅक फॉर्म टाकू नका, त्यात जेवण चांगलं होतं एवढंच कळतं.

---

चाकणचा_शिफ्टवाला

माझ्याकडून फुकटचा सल्ला: मेसेज लिहिण्याचा सराव दुपारच्या जेवणानंतर ठेवू नका. आमच्याकडे सेफ्टी ट्रेनिंग कायम दोन वाजता असतं, निम्मे हेल्मेट घालून झोपतात.

---

कोथरूडची_अनघा

@शिफ्टवाला, सकाळी साडेदहाला ठेवलाय. दुपारी दोनला अंतर्गत समितीच्या मॅडम आहेत, त्यांच्यासमोर झोपायची कोणाची हिंमत होत नाही.